आधी चालून आलेलं रेक्याविक

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना कशाकशाची भीती वाटते ते मला तोंडपाठ आहे. जळवांची, सापांची, गव्यांची आणि संडासातल्या बेडकाची. पुण्याच्या, हुबळीच्या बायका गाडीतून उतरायच्या आधी काच अर्धी खाली करून विचारतात, "काकू, इथं काही येत नाही ना?" मी म्हणते, येतं की, पण त्याला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, गुंदजवळ आमचा होमस्टे आहे. चार खोल्या, मागे गोठा, खाली भाताचं शेत आणि बाकी सगळं रान. इतकी वर्षं मी लोकांच्या सुट्ट्या आखून देत आले. कुठल्या दिवशी नदी, कुठल्या दिवशी उळवीचं देऊळ, कुठल्या दिवशी नुसतं ओसरीवर बसून चहा प्यायचा. स्वतःची सुट्टी आखायची वेळ आली ती दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, आणि तीही रेक्याविकला. त्या आखणीत मी जेवढी घाबरले तेवढी या रानात कधी घाबरले नव्हते.

रेक्याविक ही आइसलँड नावाच्या बेटाची राजधानी. म्हणायची राजधानी, पण आपलं बेळगाव त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठं. आमचा एकुलता मुलगा तिथल्या एका भारतीय हॉटेलात आचारी आहे. बेळगावात शिकला, गोव्यात नोकरी केली, तिथल्या ओळखीतून कुणीतरी त्याला तिकडे बोलावून घेतलं. पहिल्या वर्षी तो सारखा बर्फाचे व्हिडिओ पाठवायचा आणि मी ते पाहुण्यांना दाखवायची. दुसऱ्या थंडीत व्हिडिओ थांबले. मग फोनवर तोंड दाखवायचा बंद झाला. मग आवाजही बारीक होत गेला.

"काय करायलास?" मी विचारायची.

"पडलोय."

"जेवलास काय?"

"जेवीन."

हॉटेलचं काम म्हणजे उभ्यानं मरमर, पोरगा दमत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. एक दिवस त्याच्याच फोनवरून दुसरा आवाज आला. त्याच्याबरोबर खोलीत राहणारे नेपाळी गृहस्थ होते ते, त्याच हॉटेलात काम करणारे, चाळिशी उलटलेले. हिंदीत म्हणाले, दीदी, तुम्हाला कळवायला हवं म्हणून सांगतो. तो बरेच दिवस कामाला आलेला नाही. मालक भला आहे, सुट्टी दिलीय. पण हा पडदे उघडत नाही, अंघोळ करत नाही. मी ताट ठेवून जातो, आल्यावर तेच ताट उचलतो. डॉक्टरकडे नाव घातलंय, पण नंबर लागायला वेळ आहे.

मी म्हटलं, त्याला द्या फोन. त्यानं घेतला. काय बोलायचं ते मला सुचेना, म्हणून मी ओरडले. उठून बस आधी, असं कसं पडून चालेल, लोक काय म्हणतील, सगळं एका दमात. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, मी न्हाई उठलो तर कुणाचं काय आडतंय?"

तो रडत नव्हता, चिडलाही नव्हता. घरातलं दूध संपलंय हे सांगावं तशा आवाजात त्यानं ते सांगितलं. तो मरायचं म्हणतोय हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तो शब्द काही केल्या माझ्या तोंडातून निघेना.

आमच्या घरात इंटरनेट येत नाही. गोठ्यामागे एक उंचवटा आहे, तिथं उभं राहिलं की फोनला जीव येतो. तिथून मी खाली आले आणि यजमानांना सांगितलं. ते कुदळीला दांडा बसवत होते. ऐकून घेतलं, दांडा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "उद्या बेळगावला जाऊया. डॉक्टराला विचारूया." रात्री ताटावरून तसेच उठले.

बेळगावचे ते मनाच्या आजारांचे डॉक्टर तरुण होते आणि मराठी अगदी सावकाश बोलत होते. म्हणाले, हा आजार आहे, आळस नाही. यावर औषध आहे. तिथल्या डॉक्टरची वेळ लवकर मिळवा, त्या नेपाळी भाऊंना पुन्हा पुन्हा विचारायला लावा. मुलाला सरळ विचारा, मनात मरायचे विचार येतात का म्हणून. विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, उलट त्याला बोलायला जागा मिळते. आणि तिथं आता ऊन म्हणजे दुपारचे थोडे तास, तेवढ्यात त्याला जमेल तसं घराबाहेर काढा. उपदेश मात्र करू नका.

मी म्हटलं, डॉक्टर, मी गुंदात बसून त्याला तिकडच्या अंथरुणातून कसं काढू? ते म्हणाले, स्वतःसाठी तो उठणार नाही, आत्ता त्याला ते जमणारच नाही. दुसऱ्या कुणासाठी सवयीनं करतो असं काही आहे का, ते बघा.

परतीच्या बसमध्ये खानापूर गेलं, रामनगर गेलं, आणि मी तेवढाच विचार करत होते. जगलपेटच्या वळणांवर मला नेहमीप्रमाणे मळमळायला लागलं. आणि तेव्हाच मला पाहुण्यांची वाट आठवली.

आमच्या घरात एक नेम आहे. सकाळी घरातलं कुणीतरी स्वतः चालून आल्याशिवाय पाहुण्याला रानातल्या वाटेवर न्यायचं नाही. मग ती वाट काल चाललेली का असेना. रात्रीतून झाड पडतं, मधमाश्या जागा बदलतात, गवी वासरू घेऊन वाटेतच बसते. पहाटेचा माणूस पुढं जाऊन सगळं बघतो आणि जिथं वाटेला फाटा फुटतो तिथं चुकीच्या तोंडावर एक हिरवी फांदी आडवी टाकतो, म्हणजे मागून येणारा भरकटत नाही. पोरगा कळता झाल्यापासून ते काम त्याचं. अंगात ताप असला तरी जायचा. शाळा बुडवायला त्याला कारण लागायचं नाही, पण ही वाट त्यानं कधी बुडवली नाही. पाहुणा न बघितलेल्या वाटेवर गेला तर घराची अब्रू जाते, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

दुसऱ्या दिवशी मी उंचवट्यावर उभी राहिले आणि त्याला सांगितलं, "आम्ही तिकडं येतोय."

"कोण आम्ही?"

"मी आणि बाबा. मे महिन्यात, एक आठवडा. सुट्टीला."

मग म्हणाला, "तू? विमानात?"

त्याचंही बरोबर होतं. अणशीच्या घाटात मी खालचं कद्रा यायच्या आत ओकून दोन पिशव्या भरते. मी म्हटलं, "येतोय म्हणजे येतोय. सात दिवसांची सोय तू करायची. पण एक सांगून ठेवते, तू आधी चालून आल्याशिवाय आम्ही कुठंच पाय ठेवणार न्हाई."

"आई, सगळं नेटवर हाय. मी लिंक पाठवतो."

"लिंकवर गवा दिसतोय काय?"

"हितं गवे न्हाईत गे."

"ते तू बघून आलास की मग मानीन."

खरं सांगायचं तर जायचा माझा अजिबात विचार नव्हता. पासपोर्ट म्हणजे काय रंगाचं पुस्तक असतं तेही मला माहीत नव्हतं. गुरं, पाहुणे, शेत सोडून दोघं कुठं जाणार? मला फक्त तो दारातून बाहेर पडायला हवा होता. यजमानांना मी रात्री हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि त्याला कळलं तर?" मी म्हटलं, कळायला तो जिवंत तर पाहिजे. ते उठून बाहेर गेले. असं तोडून बोलायची मला खोड आहे, आणि त्या दिवसांत भीतीनं ती जास्तच वाढली होती.

पहिला दिवस आम्ही दमलेले असणार, म्हणून घराजवळ कुठं बसायला आहे ते बघ, एवढंच मी सांगितलं होतं. तो दिवस गेला, काही नाही. दुसराही गेला. मी फोन पोलक्यात खोचून भाकऱ्या थापत होते आणि अर्ध्या भाकरीवर उंचवट्याकडे पळत होते. पाहुण्यांना वाटलं, बाईंना बुकिंगची फार हाव. मधूनच नेपाळी भाऊंचं नाव फोनवर दिसायचं. ते बिचारे सांगायला फोन करायचे की आज त्यानं अर्धं ताट खाल्लं, आणि मला ते ऐकायच्या आधी भिंतीला धरून उभं राहावं लागायचं.

तिसऱ्या दिवशी सांजेला, म्हणजे त्याच्याकडे दुपारी, त्याचा फोन आला आणि आधी नुसता वारा ऐकू आला. रानात वादळाआधी सुटतो तसला, पण थांबायचं नाव नाही. त्या वाऱ्यात तो म्हणाला, "आई, तळं हाय."

घरापासून थोड्या अंतरावर, शहराच्या मधोमध तळं होतं. सगळं गोठलेलं, पण एका कोपऱ्यात जमिनीतलं गरम पाणी सोडतात, म्हणून तेवढं वितळलेलं, आणि गावातली सगळी बदकं त्या कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलेली. मी विचारलं, "बाकडं हाय काय?"

"हाय. बर्फ साठलाय त्याच्यावर."

"मग पूस की. दोघं मावतील काय, बसून बघ."

हातमोजा लाकडावर घासल्याचा आवाज आला. मग त्यानं सांगितलं, बसलोय, दोघं मावतील, तिसरा मावायचा नाही. मी म्हटलं, तिसऱ्याला कुणी बोलावलंय. तो हसला नाही, पण फोनही ठेवला नाही. तो त्या थंडीत बाकड्यावर बसला होता आणि मी गोठ्यामागे उभी राहून आवाज न करता रडत होते. आनंदानं नाही, भीतीनंच. उद्या तो पुन्हा उठेल कशावरून?

पुढं आठवड्याचा एकेक दिवस आम्ही असा खेचून काढला. एक दिवस झाला की मध्ये दोन-तीन दिवस सगळं ठप्प, पडदे परत बंद. मग मी पुन्हा पाहुण्यासारखी मागे लागायची. पाहुण्या बायका मला जे जे विचारून भंडावतात ते सगळं मी त्याला विचारलं. रस्ता निसरडा आहे का, वाटेत बाथरूम कुठं, मला चालवेल का, बाबांना पुरेल असं गरम जेवण कुठं मिळेल. त्यानं जुन्या गल्लीतली घरं बघून सांगितलं की ती पत्र्याची आहेत, रंगीत, भिंतीसुद्धा पत्र्याच्या. मी म्हटलं, राजधानीत पत्र्याची घरं? आमच्याकडं पत्रा गोठ्याला. तो म्हणाला, वारा आणि पाऊस आडवा येतोय, लाकूड टिकत न्हाई. झाडं? झाडं फारशी न्हाईत. हे ऐकून मात्र मला मनापासून भीती वाटली. झाड नसलेल्या जागी माणूस आडोसा कुणाचा घेतो, ते मला समजत नव्हतं. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर उघड्या माळावर माझा पोरगा उभा.

एका दिवसासाठी त्यानं गरम पाण्याचा तलाव सुचवला. उघड्यावर, बर्फ पडत असताना लोक गळ्यापर्यंत पाण्यात बसतात म्हणे. पण आत जायच्या आधी सगळ्यांसमोर अंगावरचं सगळं काढून साबणानं धुवायला लागतं, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. मी म्हटलं, तो दिवस बाबांचा, मी बाहेर चपला सांभाळते. पण तू जाऊन ये. तो गेला. पाण्याला उकडलेल्या अंड्याचा वास येतो असं सांगितलं, आणि एका म्हाताऱ्या माणसानं त्याला तू कुठला म्हणून विचारलं, असंही. म्हणजे माझा मुलगा कित्येक आठवड्यांनी कुणा परक्या माणसाशी बोलला होता. तो म्हणाला, "मी जोयड्याचा म्हणून सांगितलं. त्यांना काय कळणार?"

मधल्या काळात डॉक्टरची वेळ मिळाली होती आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. नेपाळी भाऊ रोज समोर बसून गोळी घ्यायला लावत. बेळगावचे डॉक्टर मला म्हणाले, सुरुवातीला जरा जास्तच जपा, माणसाला आधी हालचाल करायला बळ येतं, मन मागाहून सावरतं. ते मी ऐकलं, मान डोलावली, पण त्याचा अर्थ तेव्हा मला नीट कळला नाही.

समुद्राचा दिवस माझ्या हट्टानं ठरला. समुद्र म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे कारवारची पुळण, मऊ, पोरंबाळं खेळतात तशी. तो म्हणाला, शहराच्या टोकाला खडकावर एक दीपस्तंभ हाय, ओहोटीला दगडांची वाट उघडी पडते, चालत जाता येतं. मी म्हटलं, जाऊन ये की. फोन बंद झाला आणि मी उंचवट्यावरून उतरत असताना मध्येच थांबले. डॉक्टरांचं वाक्य मला तेव्हा कळलं. मी माझ्या पोराला एकट्याला समुद्रावर पाठवलं होतं.

लगेच परत फोन लावला. तो निघाला होता, वाऱ्यात त्याला काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा लावला तर बंद. नेपाळी भाऊ कामावर, त्यांचा फोन कपाटात. त्या दिवशी बेंगळूरचे पाहुणे होते, त्यांना तांदळाची भाकरी पाहिजे होती. मी पहिली जाळली, दुसरी जाळली, मग पीठ तसंच टाकून वर गेले. यजमान मागून बॅटरी घेऊन आले. पाहुण्यांना काय वाढलं, कुणी वाढलं, मला अजून माहीत नाही. आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. समोर रान काळं होत गेलं. यजमान एकदाच बोलले. म्हणाले, "तो रानातला हाय. त्याला पाणी ठाऊक न्हाई."

माझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. प्रेत इकडे कसं आणतात, याचा विचार चालला होता. आईनं असा विचार करावा का? पण तो येत होता, आणि मी त्याला थांबवू शकत नव्हते.

पाहुण्यांची जेवणं उरकून खोल्यांतले दिवे विझल्यावर फोन वाजला. त्याचाच. दात वाजत होते.

"पाणी भरलं आई. मी पलीकडं होतो, परत यायची वाट बुडाली. फोन थंडीनं बंद पडला. भिंतीच्या आडोशाला बसून ऱ्हायलो ओहोटी लागेपर्यंत. आत्ता घरी आलो, तेव्हा फोन चालू झाला."

"तिथंच बसलास?"

"आधी म्हटलं, जावं तसंच. पाय घातला. गुडघ्यापर्यंत आलं, आणि ओढायला लागलं की. मग फिरलो माघारी."

"का फिरलास?"

हे मी विचारलं. कसं तोंडातून गेलं कळलं नाही. तो चिडून म्हणाला, "का म्हणजे? घाबरलो."

मी तिथंच मातीत बसले. आमच्याकडे कधीकधी एखादा पाहुणा येतो, छाती काढून सांगतो की आपल्याला कशाची भीती वाटत नाही. तशा माणसाच्या मागे यजमान स्वतः चालतात, बाकीच्यांना कामाच्या पोरांवर सोडतात. थंडी सुरू झाल्यापासून माझ्या मुलाच्या आवाजात भीती म्हणून नव्हतीच, आणि मी त्याच्या वाट्याचंही भीत बसले होते. त्या दिवशी तो घाबरला. पाण्यानं ओढलं आणि त्याला जायचं नव्हतं. मी यजमानांना म्हटलं, "घाबरला म्हणतोय." त्यांनी बॅटरी विझवली आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, मी न लावता. आवाजात कटकट होती, अगदी वाटेवर झाड पडलेलं बघून आलेल्या त्याच्या बापासारखी. "ती दीपस्तंभाची वाट मे महिन्यात बंद असतीया. पक्षी अंडी घालतात तिथं. चौथा दिवस बदलायला पायजे. मला आधी कुणी सांगितलं न्हाई." मी म्हटलं, बदल की मग. चौथ्या दिवसासाठी त्यानं बंदर बघितलं. पाचव्यासाठी टेकडीवरचं मोठं चर्च. सहाव्याला त्यानं बाबांसाठी मटणाचं सूप मिळणारी जागा शोधली आणि दोन वाट्या पिऊन आला. त्या आठवड्यात तो अर्धा दिवस कामावर जायला लागला.

आता सातवा राहिला. मी विचारलं, सातव्या दिवसाचं काय?

"सातवा मी चालून येणार न्हाई."

मी म्हटलं, "का रे? बरं वाटत न्हाई काय?"

"तू पासपोर्ट काढलास?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाई काढलास. पेरणीच्या तोंडावर बाबा गुरं सोडून हितं येणार, आणि ते मला खरं वाटणार? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय."

"मग चालत कशाला ऱ्हायलास?"

"तू विचारत होतीस म्हणून," तो म्हणाला. "आता तू ये. सातवा दिवस तू आल्यावर बघू. आधी कुणी चालून न येता."

आमच्या घराचा नेम तो मोडायला सांगत होता, आणि मला नाही म्हणता येईना. नाही म्हटलं तर तो पुन्हा पडदे ओढेल, ही भीती. हो म्हटलं तर विमान, परकी भाषा, मध्ये कुठल्याशा विमानतळावर विमान बदलायचं, आणि तेही एकटीनं, कारण यजमान घर सोडू शकत नव्हते. दोन्ही भीती मी तराजूत घालून बघितल्या. दुसरी फारच हलकी निघाली, तरी तिनं माझी झोप उडवली. पासपोर्टसाठी जोयड्याला जाऊन फोटो काढला, त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. पोलीस चौकशीला आलेल्या माणसानं विचारलं, कुठं जाणार? नाव सांगितलं तर म्हणाला, हे कुठल्या जिल्ह्यात आलं? यजमान म्हणाले, "पिशव्या भरपूर घे. विमानात घाट असतोय का न्हाई, माहीत न्हाई."

व्हिसासाठी बेंगळूरला जावं लागलं. रात्रीच्या बसनं गेलो, यजमान सोबत होते, आत मात्र मला एकटीला सोडलं. काचेमागे एक मुलगी बसली होती, माझ्या मुलाच्याच वयाची. कन्नडमध्ये बोलली, त्यानं मला जरा धीर आला. सात दिवसांत काय काय करणार ते कागदावर लागतं, जोयड्यातल्या दुकानातून टाईप करून नेलं होतं. ती वाचत गेली. मला वाटत होतं, ही आता कागद परत सरकवणार आणि म्हणणार, घरी जा. तसं झालं तर बाहेर येऊन त्याला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. व्हिसा नाही, म्हणून मी येत नाही, हे वाक्य मी बसमध्ये मनात म्हणून बघितलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढं काळोख होता.

ती म्हणाली, "सातव्या दिवशी काही लिहिलेलं नाही."

मी सांगितलं, तो दिवस माझ्या मुलानं ठेवलाय, कुठं नेणार ते त्याचं अजून ठरलेलं नाही. ती म्हणाली, "शहरात फिरणार, असं लिहा," आणि पेन दिला. मी लिहिलं, पण ते अक्षर मलाच वाचता येईना. तिनं बोटांचे ठसे घेतले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर पायऱ्यांवर यजमान उभे होते. त्यांना हातानं थांबा म्हणून मी आधी फोन लावला. तिकडे पहाट होत होती, पण त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"काय विचारलं?"

"सातव्या दिवशी काय करणार, ते विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, माझा मुलगा न्हेईल तिकडं जायचं."

समोरून गाड्या चालल्या होत्या, मी दुसऱ्या कानावर तळहात दाबून धरला.

"मग तोवर मला असायला पायजे," तो म्हणाला.

सगळी थंडी मला जे विचारता आलं नव्हतं ते त्यानं रस्त्याच्या त्या गोंगाटात, हळू आवाजात, स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

"व्हय," मी म्हटलं. "असायला पायजे."

मला वाटलं, फोन तुटला.

"असतो," तो म्हणाला.